चुकीच्या जागी आलेला हशा: खंदकावरच्या एका नाटकाचा प्रकरण अभ्यास

दुसरा अंक सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. रंगमंचावर चार शिपाई, मागं बारदानाच्या पोत्यांची भिंत, मधे पत्र्याचा एक डबा. त्यातल्या कागल नावाच्या शिपायानं झाकण काढलं, वास घेतला आणि हळूच म्हणाला, "हे बकऱ्याचं न्हवं." पन्हाळा म्हणाला, "मग कशाचं?" कागल गप्प. सगळं नाटक ज्या शांततेसाठी रचलं होतं, ती हीच. नेमकी तिथं चौथ्या-पाचव्या रांगेतून हसू फुटलं. एखाददुसरा हसला असता तर सोडून दिलं असतं, पण रांगाच्या रांगा हसल्या. चांगलं, मोकळं, जेवणाच्या पंगतीत येतं तसं हसू. मी डाव्या विंगेत उभी होते. पन्हाळ्याचं काम करणाऱ्या मुलाचे खांदे खाली आलेले मला दिसले. पुढची तीन वाक्यं त्यानं घाईघाईत संपवली आणि त्यानंतर ते नाटक उठलं नाही.

या नाटकाचं नेपथ्य माझं होतं. पहिल्या प्रयोगात तो हशा का आला आणि तो घालवण्यासाठी आम्ही काय काय केलं, ते इथं सविस्तर मांडते आहे. युद्धावरचं नाटक बसवू पाहणाऱ्या कुणाही हौशी संस्थेला याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. आमच्या हातून जे चुकलं, ते जवळजवळ सगळ्यांच्याच हातून चुकू शकतं.

नाटक कशावर होतं

पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले खंदक डोळ्यांसमोर येतात. आम्हाला मराठी शिपायाच्या खंदकावर नाटक करायचं होतं, म्हणून आम्ही मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, कुत अल-अमारा निवडलं. ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या दिशेनं निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला तिचं कंबरडं मोडलं. माघार घेत ती कुतपर्यंत आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळपास पाच महिने चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. विमानातून धान्याची पोती टाकून पाहिली, त्यातली बरीच तैग्रिस नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. पुढं कैदेत, वाळवंटातून चालताना आणि रेल्वेच्या कामावर राबताना त्यातली हजारो गेली.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीपुढं नुसता आकडा आहे. आपल्याकडच्या कित्येक गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके मेले. तिथंही आकडाच. म्हणून आमच्या नाटकात कुणालाच नाव दिलं नाही. शिपाई एकमेकांना गावावरून हाक मारतात: कागल, पन्हाळा, शिरोळ, राधानगरी. अशी हाक कानाला खोटी वाटत नाही.

डब्याचा प्रसंग इतिहासातूनच आला. जानेवारीच्या अखेरीपासून कुतमध्ये तोफखान्याचे घोडे आणि खेचरं मारून मांस वाटायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांनी, हिंदू काय आणि मुसलमान काय, कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती बिनतारी यंत्रावर मागवली, तरीही बहुतेकांचं मन होईना. पिठाचं प्रमाण मुठीवर आलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा एप्रिलमध्ये अनेकांनी खाल्लं. काहींनी शेवटपर्यंत खाल्लं नाही.

इतका भारी प्रसंग हाताशी असताना लोक हसले.

पहिला प्रयोग: काय होतं आणि काय नव्हतं

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, तेव्हापासून कोल्हापुरातल्या हौशी संस्था मिळेल त्या सभागृहात प्रयोग करतात. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर उघडलं १९१५ साली, आणि त्याच साली आमची ही माणसं कुतला अडकली होती. तालमीच्या पहिल्याच दिवशी हे कुणीतरी बोललं आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. त्या रंगमंचावर आम्हाला हे नाटक करायचं होतं. जे सभागृह मिळालं त्याच्या रंगमंचाला खोली कमी, विंगा अरुंद.

खंदक रंगमंचावर आणणं हेच मुळात अवघड काम. खरा खंदक माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढा खोल असतो. तो सरळ रेषेत खणत नाहीत, वळणं देत नेतात, म्हणजे गोळा आत पडला तर त्याचा मारा एका वळणापुरता राहतो आणि शत्रू आत घुसला तरी त्याला लांबवर गोळ्या झाडता येत नाहीत. पुढच्या भिंतीला आतून एक पायरी ठेवतात, तिच्यावर चढलं की बाहेर बघता येतं. रंगमंच काही खणता येत नाही. मी मागच्या बाजूला लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, लावून पायरी केली आणि तिच्यापुढं पोत्यांची भिंत उभी केली. वाळू भरली असती तर रंगमंचानं तेवढं वजन पेललं नसतं. गुळाच्या अडतीवरून जुनं बारदान आणलं आणि त्यात भुईमुगाची टरफलं भरली. दिसायला झकास. पण शत्रू मागच्या पडद्याकडं, त्यामुळं पहाऱ्यावरचा शिपाई प्रेक्षकांना पाठ करून उभा. त्याचा चेहरा दिसेना, शब्द पडद्यातच जिरायचे. ही चूक माझी.

आवाजाचं तर विचारूच नका. स्पीकरवरून तोफा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. पहिल्या अंकात हल्ला, घोषणा, धूर, लाल दिवे. दुसऱ्या अंकात भूक. मधला काळ, म्हणजे ज्याला खरा वेढा म्हणायचा तो, आम्ही निवेदनात दोन मिनिटांत उरकला होता.

एक प्रवेश मात्र पहिल्याच दिवशी रुतला. जानेवारी १९१६ मध्ये तैग्रिसला पूर आला आणि दोन्ही बाजूंचे पुढचे खंदक पाण्याखाली गेले. शिरोळ गुडघाभर पाण्यातून चाललाय असं दाखवत पोती वर रचतो आणि म्हणतो, "पाणी चढतंय का उतरतंय, काडी लावून ठेव." त्या वाक्याला सभागृह एकदम गोठलं. २०१९ चा महापूर अंगावर घेतलेलं शहर आहे हे. पायरीवर काडी रोवून रात्रभर पाण्याकडं बघत बसणं काय असतं, ते इथं कुणाला समजावावं लागत नाही. आम्ही त्या प्रवेशावर सगळ्यात कमी मेहनत घेतली होती. याचा अर्थ आम्हाला नंतर लागला.

काकी काय म्हणाल्या

प्रयोगानंतरच्या रविवारी तालमीच्या माडीवर बैठक बसली. एकजण म्हणाला, प्रेक्षकांनाच समज नाही. हे वाक्य हौशी रंगभूमीवर फार लवकर तोंडात येतं आणि एकदा आलं की पुढचा विचार थांबतो. दिग्दर्शकांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ते तिथंच तोडलं. हसलेल्यांपैकी कुणाला तरी विचारू या, म्हणाले.

पन्हाळ्याचं काम करणाऱ्या मुलाची आई चौथ्या रांगेत होती. सगळे त्यांना काकी म्हणतो. त्या चहा घेऊन वर आल्या होत्या. दादांनी विचारलं, "काकी, तुम्ही हसला होता का?"

"हसले की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं पोरगं मटणाला नाक मुरडतंय. आन् तो मगाशी रश्श्याचं एवढं बोललेला."

"पण ते मटण नव्हतं. घोडा होता."

"घोडा?" काकींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. "आवं, मग आधी सांगायचं न्हाई? राबलेल्या जनावराला कोण खाईल? बेंदराला ज्याला ओवाळतोय, त्याला?"

बैठकीचा निकाल तिथंच लागला. दोन गोष्टी स्वच्छ झाल्या. डबा येण्याआधी जेमतेम दहा मिनिटं राधानगरीच्या तोंडी आम्हीच घरच्या मटणाच्या रश्श्याचं लांबलचक, खमंग वर्णन घातलं होतं. लेखकानं ते जीव ओतून लिहिलेलं आणि नट ते छान करायचा, लोक खळखळून हसायचे. अन्नाचा विषय निघाला की हसायचं, ही सवय आम्हीच प्रेक्षकांना लावली आणि लगेच त्यांच्यापुढं डबा आणला. दुसरी गोष्ट याहून मोठी. खायचं की नाही हा पेच आम्ही धर्म, बाटणं, जात या शब्दांत लिहिला होता. गावी परतल्यावर पंगतीला कोण बसवेल, मुलीची सोयरीक कशी जमेल, ही भीती त्या शिपायांना खरोखर होती, ते खोटं नव्हतं. पण मटणावर जीव असलेल्या शहरातल्या आजच्या प्रेक्षकाला त्या शब्दांतून फक्त सोवळं दिसलं, आणि सोवळ्याला तो हसला. काकींनी त्याच भीतीला आपल्या अंगणातला शब्द दिला: राबलेलं जनावर. तो पंचवीस वर्षांचा शिपाई मुळात शेतकऱ्याचा पोरगा. तोफ ओढणारा घोडा आणि घरी नांगर ओढणारा, बेंदराच्या सणाला ओवाळलेला बैल यांत त्याला फरक दिसला नसता.

मेहनत न घेता पुराचा प्रवेश का जमला, तेही आता कळलं. प्रेक्षक स्वतःचं काही तरी घेऊन येतो. पुराच्या वेळी तो काडी घेऊन आला होता. घोड्याच्या वेळी त्यानं बरोबर काय आणावं, हे आम्ही त्याला सुचवलंच नव्हतं.

दुरुस्ती

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्या पेठेतच राहतात. ते तीन तालमींना आले, खुर्ची भिंतीला टेकवून ताठ बसले आणि शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांनो, मोर्चात बंदूक चालवायला कितीसा वेळ लागतोय? बाकी सारा वेळ माती काढायची, पाणी काढायचं आन् वाट बघायची. ते कुठं हाय तुमच्यात?"

दादांनी तोफा काढल्या, सगळ्या नाही, पण पाच ठिकाणी होत्या त्या एकाच ठिकाणी राहिल्या. निवेदनाची दोन मिनिटं काढून तिथं बावीस मिनिटांचा नवा प्रवेश आला, ज्यात काहीच घडत नाही. एकजण उवा मारतो, एकजण ओल्या पोत्यातली माती परत भरतो, पहाटे सगळे पायरीवर उभे राहतात, उजाडतं, उतरतात. विमान येतं, पोतं पडतं, पाण्यात गेल्याचा आवाज येतो. कुणी काही बोलत नाही. एवढी शांतता लोक सोसतील का, याची मला धास्ती होती. त्यांनी ती सोसली.

शब्दाचाही प्रश्न होताच. खंदक हा पुस्तकी शब्द. फौजी माणूस मोर्चा म्हणतो, पण कोल्हापुरात मोर्चा म्हटलं की दसरा चौक आणि कलेक्टर कचेरी आठवते. चार दिवस वाद झाला. शेवटी शिरोळचं काम करणारा, जो घरची शेती बघतो, म्हणाला, "रानातनं पाणी काढायला जे खणतोय त्याला चर म्हणतोय की आपण. ही माणसं तेच म्हणाली असतील." तेव्हापासून नाटकात सगळीकडं चर.

मी भिंत मागून उचलली आणि पुढं आणली, म्हणजे खरं तर काढूनच टाकली. आता पायरी रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, पोत्यांचे जेमतेम दोन थर, आणि शत्रूची बाजू म्हणजे प्रेक्षागृह. पहाऱ्यावरचा शिपाई प्रेक्षकांच्या डोक्यावरून लांब बघतो. त्याचे डोळे शेवटच्या रांगेला दिसतात. पहिल्या रांगेतली माणसं अवघडून मागं सरकतात, तेही बरंच आहे.

रश्श्याचं काय करायचं, यावर दादा आणि सुभेदार यांचं जुळेना. दादांना ते सगळंच काढायचं होतं. सुभेदार म्हणाले, काढू नका, शिपाई घरच्या जेवणाबद्दल नाही बोलणार तर कशाबद्दल बोलणार? मला सुभेदारांचं पटलं. ते वर्णन पहिल्या अंकात गेलं, जेव्हा पोटाला पुरेसं मिळतंय. तिथं लोक हसतात आणि हसावंच. दुसऱ्या अंकात राधानगरी एकदाच तोंड उघडतो आणि फक्त "भाकरी" म्हणतो.

घोडा आधी दिसला पाहिजे, हे काकींनी सांगून टाकलं होतंच. पण तो आणायचा कसा? दादांनी फक्त लगाम आणला. चामड्याचा जुना लगाम, एक टोक पन्हाळ्याच्या हातात, दुसरं विंगेत माझ्या हातात. तो ओढतो, मी हिसका देते. तो थोपटायला हात पुढं करतो, मी लगाम सैल सोडते. पहिल्या अंकात तो घोडा त्याला चिखलातून तोफ ओढून देतो. रंगमंचावर दिसतो तो फक्त त्याचा ताणलेला दंड आणि तट्ट झालेला लगाम.

मग तिथीचा विचार निघाला. वेढा एप्रिलच्या अखेरीस संपला. १९१६ ची चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडते, म्हणजे पीठ संपत आलेल्या नेमक्या त्याच दिवसांत. चैत्र पौर्णिमा म्हणजे वाडी रत्नागिरीची, जोतिबाची यात्रा. आणि जोतिबाचं वाहन घोडा. हे जुळल्यावर दादा उठून खिडकीत जाऊन उभे राहिले. आम्हाला काही जोडून घ्यावं लागलं नाही. डोंगराच्या पायथ्याचा पोरगा, पन्हाळा, त्या रात्री पायरीवर उभा राहून म्हणतो, "आत्ता सासनकाठ्या नाचत असतील." बाकीचे गप्प राहतात. आणि मग डबा येतो.

पहिल्या अंकात पन्हाळा कनवटीच्या पुरचुंडीतून चिमूटभर गुलाल काढतो आणि लगामाच्या दिशेनं, जिथं घोड्याचं कपाळ असेल तिथं, हवेत बोट टेकवतो. एवढंच. तोंडानं अस्पष्ट "चांगभलं".

दुसरा प्रयोग

त्या दिवशी एक गोष्ट घडली जी कुणी ठरवली नव्हती. अंकांच्या मधे पन्हाळ्यानं हात धुतले, पण गुलाल बोटांच्या पेरांतून गेला नाही. दुसऱ्या अंकात तो डबा घ्यायला हात पुढं करतो, तेव्हा पत्र्यावर पडलेल्या उजेडात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गुलाबी दिसली. कागल म्हणाला, "हे बकऱ्याचं न्हवं." पन्हाळ्यानं या वेळी "मग कशाचं?" विचारलं नाही. ते वाक्य त्यानं गिळलं. त्यानं आपल्या बोटांकडं पाहिलं, मग विंगेकडं, जिथं आता लगाम नव्हता. मी तो मघाशीच सोडून दिला होता आणि तो रंगमंचावर मोकळा पडला होता.

सभागृहात कुणी हसलं नाही. खोकलासुद्धा आला नाही. चौथ्या रांगेत काकी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

ते वाक्य दादांनी दुसऱ्या दिवशी संहितेतून कायमचं खोडलं. गुलाल आता मुद्दाम धुवायचा नाही असं ठरलं आहे.

सगळंच जमलं असं नाही. नव्या रचनेत नाटक पंधरा मिनिटांनी लांबलं आणि शेवटची कैदेची वाटचाल अजूनही घाईत उरकल्यासारखी वाटते. हजारो माणसं ज्या चालण्यात संपली, त्याला आम्ही सहा मिनिटं देतो, याची मला खंत आहे. पन्हाळा डब्यातलं खातो की नाही, हेही आम्ही बदललं. पूर्वी तो नकार देऊन मरायचा. ते टाळ्यांचं होतं. आता तो खातो. काहींनी खाल्लं आणि काहींनी नाही, दोन्ही खरं आहे. पण खाल्लेल्या माणसाला आपण कमी धीराचा समजू नये असं मला वाटतं, म्हणून बैठकीत मी खाण्याच्या बाजूनं बोलले. दोघा नटांना ते अजून मान्य नाही आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नाही.

तिसरा प्रयोग जिल्ह्यातल्या एका गावी झाला. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी, करवीर तालुक्यातलं सैनिक गिरगाव ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण घरटी कुणी ना कुणी फौजेत असलेली गावं आपल्याकडं अजून बरीच आहेत. हे त्यातलंच एक. देवळापुढच्या पटांगणात मंडप, खाली सतरंज्या, पुढं पोरं, मागं खुर्च्यांवर पेन्शनीत निघालेली माणसं. पुराच्या प्रवेशाला एक पोर रडलं, आई त्याला घेऊन बाजूला गेली. डब्याच्या प्रवेशाला मागच्या खुर्च्यांतले दोघं उठून उभे राहिले आणि प्रवेश संपेपर्यंत उभेच राहिले.

प्रयोग संपल्यावर आम्ही पोती आवरत होतो. त्या दोघांपैकी एकजण, सत्तरी उलटलेले, काठी टेकत रंगमंचामागं आले. लढाईबद्दल, पलटणीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. पन्हाळ्याच्या पुढ्यात थांबले आणि म्हणाले, "बाळा, त्या घोड्याचं नाव काय होतं?"

संहितेत घोड्याला नाव नाही. आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. दादांनी माझ्याकडं पाहिलं.

पन्हाळा लगाम गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "सर्जा."

म्हातारबा "बरं" म्हणाले आणि गेले. टेम्पोत बसल्यावर मी त्याला विचारलं, हे कधी ठरवलंस? तो म्हणाला, पहिल्यांदा लगाम हातात दिला त्या दिवसापासून मनात तीच हाक मारतोय, घरच्या बैलाचं नाव आहे.